परातीची पाठ

अभिमन नानांची चौतीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत गाड्यांखाली उताणं पडून गेली. निवृत्त झाल्यावर माणूस चार दिवस सरळ बसेल, असं कमलबाईंना वाटलं होतं. पण कसलं काय! पुण्याच्या मुलाने, योगेंद्रने, बापाला भारीतला फोन पाठवला आणि कमलबाईंच्या स्वयंपाकघराला साडेसाती लागली. पूर्वी गाडीखाली उताणे पडणारे नाना आता झाऱ्यासमोर पालथे पडू लागले.

त्याला कारण झाली किरण मॅडम. देवपुरातल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी ही तरणी पोर फोटोचा वर्ग घ्यायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मावळता सूर्य नको, नातवंडं नकोत, गणपती नको. घरातली साधी वस्तू घ्या. तिच्यावर ऊन कसं पडतं आणि सावली कशी पडते, तेवढंच बघा." बाकीच्या म्हाताऱ्यांनी हे ऐकलं आणि घरी जाऊन नातवंडांचेच फोटो काढले. नानांनी मात्र गुरुमंत्र घेतला.

तेव्हापासून घरात एक वस्तू जागेवर सापडेना. वरण उतू चाललंय आणि पळी गच्चीवर. शेवेचा सोऱ्या खिडकीत उभा, कारण साडेआठला त्याच्यावर तिरपं ऊन येतं. एकदा कमलबाईंनी तेल तापवलं, फोडणीला हात मागे नेला, तर मोहरीचा डबाच नाही. डबा न्हाणीच्या झरोक्यात होता आणि नाना बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते.

"आठे उजेड झकास शे," ते म्हणाले.

"योगेंद्रना बाप, तुमले उजेडच पाहिजे ना? मंग डोकामा पाडा जराखा."

नाना हसले आणि त्यांनी डबा आणखी दोन बोटं डावीकडे सरकवला. कमलबाई तोंडाने कितीही करवादल्या, तरी खोटं कशाला बोला, त्यांना हे बरंच वाटत होतं. दर अर्ध्या तासाला चहा मागणारा माणूस आता तासन्‌तास गाळणीत रमत होता. शिवाय ऊन धरायला म्हणून तो पहाटे उठून गच्ची झाडून ठेवायचा. असा नवरा देवपुरात दुसरीकडे कुठे होता?

वर्ग संपला आणि किरण मॅडमने प्रदर्शन ठरवलं, बक्षिसंही ठेवली. नानांचा एक फोटो निवडला गेला, तो तीन फूट बाय तीन फूट मोठा होऊन परस्पर हॉलवर गेला. फोटो कशाचा, हे नाना काही केल्या सांगेनात. "तठेच देख," एवढंच म्हणत आणि गालातल्या गालात हसत. रविवारी सकाळी दहाला कमलबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, तुळशीचा हार घेऊन रुबाबात हॉलवर गेल्या.

भिंतीवर चाळणी होती, खुर्चीचे वेत होते, दोरीवर वाळणाऱ्या धोतराची सावली होती. आणि मधोमध, सगळ्यात मोठा, नानांचा फोटो.

ती एक परात होती. पितळेची, पालथी, भिंतीला टेकून उभी. सकाळचं ऊन डावीकडून तिच्या पाठीवर इतकं आडवं आलं होतं, की उजवी बाजू काळोखात आणि डावी सोन्यासारखी. त्या आडव्या उन्हात पाठीवरची प्रत्येक खोच, प्रत्येक ओरखडा उठून दिसत होता. आणि मध्यभागी ठिपकेच ठिपके, मुंग्यांची रांग गेल्यासारखे.

जवळून ते नुसते ठिपके होते. कमलबाई चार पावलं मागे सरल्या, खुर्च्यांपाशी आल्या, आणि ठिपक्यांना ठिपके जुळले. आधी 'सौ.' दिसलं. मग काहीतरी. मग 'बाई'.

कमलबाईंनी हातातला हार खुर्चीवर ठेवला. चष्मा घरी राहिला होता, पण मधली अक्षरं वाचायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, विटकरीचा भुगा लावून, तीन दिवस घासली होती.

गोष्ट तीसएक वर्षांपूर्वीची. गावी, दोंडाईच्याकडे, पुतण्याचं लग्न होतं. आपल्याकडे लग्न निघालं, की भाऊबंदांच्या घरची सगळी मोठी भांडी एका अंगणात येतात. पराती, पातेली, तपेल्यांचा डोंगर होतो, आणि पंगती उठल्या, की जी ती बाई पाठीवरचं नाव वाचून आपापलं भांडं पोत्यात भरते. भांड्यावर नाव घालायचं ते ह्यासाठीच. त्या घाईत कमलबाईंच्या पोत्यात एक परात जास्तीची आली. धुळ्याला येऊन बघतात, तर पाठीवर नाव, 'सौ. कुंदाबाई जीवराम'.

कुंदाबाई म्हणजे त्यांची मधली जाऊ. तीही धुळ्यातच, चार गल्ल्या सोडून. परात उद्या परत देऊ, असं कमलबाईंनी खरोखर ठरवलं होतं. पण द्यायच्या आधी सहज एकदा तिच्यात पीठ मळलं. परात अशी वजनदार, की मळताना जागची हलत नव्हती. कमलबाईंची स्वतःची परात पीठ मळताना घरभर फिरायची. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना झाला. आली ती चुकून, राहिली ती मुद्दाम.

मग कुंदाबाईंनी बोंब ठोकली. आता परात द्यावी, तर चोरी कबूल. कमलबाईंनी नाव घासून काढलं आणि वर पॉलिश करून घेतली. श्रावणात कानबाई बसली, तेव्हा कुंदाबाईंनी सगळ्या भाऊबंदकीसमोर कमलबाईंना देवीच्या नारळावर हात ठेवायला लावला. "कुंदाबाईनी परात मना घरमा नही शे," कमलबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही.

तेव्हापासून दर श्रावणात त्या कानबाईला एक नारळ जास्तीचा फोडत. कशासाठी, हे एक त्यांना ठाऊक आणि एक देवीला. परात माळ्यावर असायची, पाठ भिंतीकडे. ती खाली यायची ती दार लावून पीठ मळायला. मागच्या महिन्यात कमलबाई बहिणीकडे यावलला दोन दिवस केळी खायला काय गेल्या, नानांनी माळा उपसला!

"कशी वाटनी?" नाना शेजारी येऊन उभे राहिले होते. चेहरा नवरदेवासारखा.

"हाईच भेटनी का तुमले? घरमा दुसरी परात नव्हती?"

"दुसरीले असा डाग नही," नाना म्हणाले. "किरण मॅडम म्हनस, ह्या ठिपकास्मा जीव शे."

जीव कुणाचा जातोय, ते कमलबाईंना कळत होतं. बारा वाजता कुंदाबाई येणार होत्या आणि त्यांच्याबरोबर अक्का. अक्का म्हणजे थोरली जाऊ, सुमनबाई. वय ऐंशी, राहायला गावी. तीन आठवड्यांपूर्वी धुळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मुक्काम कुंदाबाईंकडे. दहा वर्षं धुक्यात काढलेल्या अक्कांना आता इतकं स्वच्छ दिसत होतं, की दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे नंबर, बिस्किटांच्या पुड्यावरचा बारीक मजकूर, दिसेल ते त्या मोठ्याने वाचत सुटल्या होत्या.

म्हणजे वाचणारी अक्का आणि ओरडणारी कुंदाबाई. साक्षीदार आणि फिर्यादी एकाच रिक्षात.

कमलबाई हात जोडून बसून राहणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी आधी तुळशीचा हार फोटोला घातला, बरोबर ठिपक्यांवर येईल असा. दहा मिनिटांत तीन माणसं नानांना हळहळून भेटून गेली. एकाने तर विचारलं, "कधी वारली?" किरण मॅडम धावत आली आणि हार काढून घेऊन गेली.

मग त्यांनी खुर्च्या हलवल्या. लांबून नाव दिसत होतं, जवळून दिसत नव्हतं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांनी सगळ्या खुर्च्या ओढून फोटोच्या नाकाशी लावल्या आणि मागच्या मोकळ्या जागेत स्वतः पहाऱ्याला उभ्या राहिल्या. कुणी मागे येऊ लागलं, की म्हणायच्या, "जवळून बघा, जवळून. लांबून ह्यात काही नाही." लोक बिचारे चार बोटांवर डोळे नेऊन बघत आणि माना डोलावत. नानांना वाटलं, बायकोला शेवटी कला कळली. त्यांचा ऊर भरून आला.

बाराला रिक्षा आली. काळा चष्मा घातलेल्या अक्का दारातूनच वाचत आल्या, "चपला बाहेर काढाव्यात. विजेची बचत करा." त्या दाराजवळच्या चाळणीपाशी थांबल्या आणि कुंदाबाई पुढे आल्या. कमलबाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीकडे ओढलं.

"ये व, बस. जवयथीन देख."

"माले जवयनं दखात नही," कुंदाबाई म्हणाल्या. नाकावरचा चष्मा सावरत त्या मागे सरल्या. एक पाऊल, दोन पावलं, तीन. कमलबाईंनी डोळे मिटून घेतले. आता बोंब उठेल, आता तीस वर्षांचं सगळं ह्या हॉलमध्ये निघेल, नाना खाली मान घालतील, आणि कानबाईच्या खोट्या शपथेची गोष्ट संध्याकाळच्या गाडीने गावी पोचेल.

बोंब उठली नाही. कमलबाईंनी एक डोळा उघडला. कुंदाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"कमल," त्या पुटपुटल्या, "हाऊ फोटू उतारी टाक. आते. अक्का आठे येवाना आगोदर."

कमलबाईंना काही समजेना. ओरडायचं सोडून ही घाबरतेय कशाला? त्यांनी सरळ हात पुढे केला, कुंदाबाईंच्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. ठिपके एकत्र आले. 'सौ. सुमनबाई नथ्थू.'

कमलबाईंनी पुन्हा वाचलं. सुमनबाई. नथ्थू म्हणजे थोरले दीर, अक्कांचे यजमान. कुंदाबाईंचं नाव कुठेच नव्हतं. ते दुकानातल्या विजेच्या सुईने वरवर घातलेलं नाव होतं, कमलबाईंच्या विटकरीने पार गेलं होतं. हे त्याच्याखालचं. जुन्या काळी हातोडी-छिन्नीने ठोकलेलं, घासून वरून सपाट झालं तरी खोल राहिलेलं. सरळ उजेडात ते कधी दिसलंच नसतं. नानांच्या आडव्या उन्हाने ते वर काढलं होतं. आणि कमलबाई दोन तास जे वाचत होत्या, ते भिंतीवर नव्हतंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"कुंदाबाई," त्या सावकाश म्हणाल्या, "हाई परात कोनी शे व?"

"हयू बोल."

"म्हंजे तुनी नव्हतीच ना? कधीच नव्हती?"

कुंदाबाईंनी आपला चष्मा परत ओढून घेतला. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "आनि ती तुना घरमा कशी उनी?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी एकमेकींकडे इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. कमलबाईंना मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. कुंदाबाईची परात माझ्या घरात नाही, असं त्या देवीसमोर म्हणाल्या होत्या. आणि नव्हतीच की!

"मनी आन खरी व्हयनी!" त्या म्हणाल्या. "तीस नारळ फुकट गयात व मना!"

"तुनी आन घाल चुलामा. अक्काले कशी थांबाडसूत ते सांग."

अक्का चाळणी, वेत आणि धोतर वाचून संपवून इकडेच येत होत्या. दोघी जावा फोटोसमोर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"सरका व," अक्का म्हणाल्या. "अभिमनना फोटू देखू द्या."

"काही नही अक्का, चांद शे," कमलबाई म्हणाल्या.

"तवा शे," कुंदाबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

"चांद शे का तवा शे?"

"तवावर चांद," कमलबाईंनी सावरून घेतलं.

अक्कांनी मान तिरकी करून दोघींकडे बघितलं. ह्या दोघी एका बाजूला उभ्या आहेत, म्हणजे मागे काहीतरी मोठं आहे, एवढं कळायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. पण त्या काही बोलायच्या आत नाशिकहून आलेले परीक्षक लवाजमा घेऊन तिथेच आले. मागे किरण मॅडम, तिच्या मागे नाना, हातात रुमाल.

"ताई, जरा बाजूला होता का?" परीक्षक म्हणाले. दोघींना बाजूला व्हावं लागलं.

परीक्षकांनी घसा साफ केला. फोटोखालच्या चिठ्ठीवर किरण मॅडमने सुचवलेलं नाव होतं, 'निनावी'. "हे शीर्षकच किती बोलकं आहे पाहा," ते म्हणाले. "ह्या ठिपक्यांमध्ये मला एक स्त्री दिसते. पिढ्यान्‌पिढ्या कणीक तिंबणारी. जिची कुणी नोंद ठेवली नाही, जिला नाव नाही, अशी एक निनावी..."

"निनावी कसाले?" मागून आवाज आला. अक्कांनी काळा चष्मा कपाळावर चढवला होता. "नाव शे ना तठे." आणि रिक्षाचा नंबर वाचावा तसं त्यांनी खणखणीत वाचलं, "सौ. सुमनबाई नथ्थू."

परीक्षक मागे सरकले, किरण मॅडम मागे सरकली, आणि नानाही सरकले. मग नानांचं तोंड उघडं राहिलं. चार महिने वस्तूंवर चार बोटांवरून डोळा लावणाऱ्या त्या माणसाने आपला फोटो लांबून पाहिलाच नव्हता.

"आवं, हाई ते आपली अक्का!" ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे ठरवून केलंय. परीक्षकांनी अक्कांना नमस्कार केला आणि किरण मॅडमने चिठ्ठीवरचं 'निनावी' खोडून पेनाने 'सुमनबाई' लिहिलं. गर्दी पुढच्या फोटोकडे गेली. मग अक्का भिंतीशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही जावांना समोर बसायची खूण केली.

"बोला," त्या म्हणाल्या.

कुंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अक्का, आम्ही गावथीन धुयाले ऱ्हावाले उनूत ना, तव्हय ती वयकटीमा चुकीसन उनी. नि मी तुमनं नाव घसीसन मनं घालं."

"चुकीसन नही उनी," अक्का म्हणाल्या. "मी घाली व्हती."

कुंदाबाईंची मान वर झाली.

"तुम्ही येगया निंघनात तव्हय सासूनी तुले काय दिधं? दोन ताटल्या नि एक पातेलं. पीठ मयाले काहीच नही. तुना पोटमा पोर. मी मनी परात तुनी वयकटीमा घाली दिधी. मना मायनी दियेल व्हती ती. सासूनी इचारं, परात कोठे गयी? मी सांगं, इहीरमा पडनी. आठ दिन माले बोलनी ती."

अक्का हे सगळं बाजारभाव सांगावेत तसं सांगत होत्या. राग नव्हता. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं, आणि आवाज जरा खाली आला.

"परातनं काही नही व. ती तुलेच दिधी व्हती. पन नाव कसाले घसं? माले वाटे, हाई पोर रोज पीठ मयी, परात घासताना मनं नाव देखी, मनी याद करी. दर सालले मी तुना घर येऊ नि देखू, परात कोठे शे. माले इचाराले लाज वाटे."

कुंदाबाईंना रडू फुटलं. पंचेचाळीस वर्षं त्या समजत होत्या, की आपल्याला जावेची एक वस्तू चुकून सापडली आणि आपण ती पचवली. दिलेलं देणं पचवायला चोरी करायची गरज नसते, हे त्यांना आता, सत्तरीला, परक्या हॉलमध्ये कळत होतं. कमलबाईंना खरं तर हसू यायला हवं होतं. त्यांची शपथ खरी ठरली होती, शत्रू रडत होता. पण विटकरीचा भुगा लावून त्यांनी जोर कशावर लावला होता, ते त्यांना आता दिसत होतं. कुंदाबाईने अक्कांचं पुसलं, मी कुंदाबाईचं पुसलं. आणि कुणी काही पुसायला नको म्हणून परातीची पाठ भिंतीला लावून ठेवली.

"नि तू व?" अक्का त्यांच्याकडे वळल्या. "तुनाकडे कशी उनी?"

"चुकीसन उनी, अक्का."

"नि मंग?"

कमलबाईंनी एकदा कुंदाबाईंकडे बघितलं. ती नाक पुसता पुसता कान टवकारून बसली होती. आता लपवून काय उपयोग? "मंग मुद्दाम ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

अक्का हसायला लागल्या. ऐंशी वर्षांची बाई अशी खो खो हसायला लागली, की किरण मॅडम पाणी घेऊन धावली. "चोरना घर मोर!" त्या म्हणाल्या. "नि कानबाईपुढे आन लेवाड राह्यनी ही, मना परातकरता!" कुंदाबाईसुद्धा रडता रडता हसल्या.

नानांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं धोतराच्या सावलीला गेलं, त्याचं त्यांना फार दुःख नव्हतं. धोतर जवळून आणि लांबून सारखंच दिसतं, असं ते म्हणाले.

सोमवारी सकाळी दोघी जावा परात घेऊन रिक्षात बसल्या. परात मांडीवर कुणी घ्यायची, ह्यावरून वाटेत दोनदा वाजलं, शेवटी एका मांडीवर अर्धी आणि दुसऱ्या मांडीवर अर्धी अशी ती निघाली. भांड्यांच्या दुकानात पोरगा विजेची सुई घेऊन बसला होता. "हाई नको," कमलबाई म्हणाल्या. "घसीसन जास हाई. माले माहीत शे." कुंदाबाईंनी तिकडे तोंड फिरवलं.

पोराने मागच्या गल्लीतल्या पुनाभाऊंचा पत्ता दिला. पुनाभाऊ म्हातारे, ओट्यावर बसून अजूनही हातोडी-छिन्नीने नावं घालणारे. त्यांनी परात पालथी केली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "परात कोनी शे?"

"सुमनबाईनी," दोघी एकदम म्हणाल्या.

"पाठवर घालू?"

"पाठवर नको," कुंदाबाई म्हणाल्या. "मझार घाला. बूडले. पीठ मयताना दखाले पाहिजे."

"पीठ अडकी त्यामा."

"अडकू द्या," कमलबाई म्हणाल्या. "काढाना निमित्ते वाचसूत."

पुनाभाऊंनी तासभर ठोकलं. एकेक अक्षर ते जोरात, जुन्या पद्धतीने बसवत होते, आणि दोघी जावा ओट्यावर बसून 'आजून खोल, आजून खोल' म्हणत होत्या. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा परत भांडण झालं, ते रिक्षावाल्याने सोडवलं.

बुधवारी अक्का कमलबाईंकडे जेवायला आल्या. गावी जायच्या आधीचं जेवण. कुंदाबाई वांग्याची भाजी घेऊन आल्या होत्या. कमलबाईंनी परात ओट्यावर घेतली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून पीठ मळलं. परात हलली नाही. त्यांनी मळलेला गोळा उचलून उलटा केला आणि थांबल्या. गोळ्याच्या खालच्या अंगाला ठिपके उमटले होते. अक्षरं उलटी होती, पण एकूण एक होती. खिडकीतून साडेनऊचं ऊन तिरपं येत होतं, आणि प्रत्येक ठिपक्याची राईएवढी सावली पिठावर पडली होती.

दारात नाना उभे होते. हातात फोन. तोंड उघडायची हिंमत नव्हती, कारण पोळ्यांच्या वेळी मध्ये आल्याबद्दल मागच्या आठवड्यात त्यांनी लाटणं पाहिलं होतं.

कमलबाई एक पाऊल बाजूला सरकल्या, गोळा दोन्ही हातांवर उन्हात धरला, आणि उजेड नीट आडवा येईपर्यंत मनगटं हळूहळू फिरवली.

"काढा लवकर," त्या म्हणाल्या. "आनि मांगे सरीसन काढा. अक्काले वाचता येवाले पाहिजे."